बालसंरक्षणाची शंभर वर्षे : पेण–रोह्याकडून पाहिलेला एका संस्थेचा इतिहास

ज्या संस्थेचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहून देण्याचे काम संपादक मंडळाने प्रस्तुत लेखकाकडे सोपविले, तिच्या दर्शनी भिंतीवर संस्थापकांची तसबीर लावावी म्हटले तर ती भिंत कोठली हेच आधी ठरवावे लागेल. कारण १९२४ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने मुलांसंबंधीचा कायदा संमत केला तेव्हापासून आजतागायत, कधी न्यायालय, कधी रिमांड होम, कधी मंडळ, कधी समिती अशी नावे व रूपे पालटीत जी व्यवस्था आपल्या मुलुखात नांदत आली, तिचे दफ्तर मुंबईस उमरखाडीला, मानखुर्दला, आपल्या जिल्ह्यात अलिबाग–कर्जतला असले, तरी तिच्या कर्तव्याचा पहिला क्षण पेणजवळच्या एखाद्या कातकरी वाडीच्या ओट्यावर किंवा रोहे स्थानकाच्या फलाटावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना येतो आणि बहुधा कोणाच्या ध्यानात न येताच निघून जातो. पेणच्या स्मरणिका गणपतीच्या कारखान्यांपासून अथवा गागोद्याच्या विनोबांपासून आणि रोह्याच्या स्मरणिका पांडुरंगशास्त्री आठवल्यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. तो मोडून या लेखाचा आरंभ एका कायद्यापासून करावा लागत आहे, याबद्दल रसिक वाचकांनी क्षमा करावी.

या कायद्याची वंशावळ सांगावयाची तर ती १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यापर्यंत मागे जाते. पोरक्या, निर्धन किंवा किरकोळ अपराधात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली कराराने बांधून द्यावे, म्हणजे त्यांचेही पोट भरेल व रस्तेही निर्धास्त होतील, असा त्या कायद्याचा सरळ व्यवहारी हिशेब होता. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने निघालेली सुधारशाळा त्याच हिशेबातून उभी राहिली. पुढे १९१९–२० च्या तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांच्या कोठड्यांतून वेगळे काढण्याची शिफारस केली, आणि मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबईने १९२४ मध्ये आपापले कायदे केले. मुंबईत त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटीच्या स्थापनेने व मुलांच्या स्वतंत्र न्यायालयाने सुरू झाली. इंग्लंडातील १९०८ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेल्या या कायद्यात, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली, उपाशी ठेवले वा टाकून दिले तर तो गुन्हा, मूल सांभाळताना दारूच्या अंमलात असणे हा गुन्हा, मुलाकडून वस्तू गहाण ठेवून घेणे हाही गुन्हा, अशी कलमे होती, ती आज वाचली तरी त्यांतील बारीक लोकनिरीक्षणाचे कौतुक वाटते. परंतु कायद्याचा एकंदर कल पाहिला तर त्याला मुलाच्या दुःखापेक्षा मुलाच्या भटकण्याची चिंता अधिक होती, असेच म्हणणे प्राप्त आहे.

महाराष्ट्राला याहून जुनी आणि याहून कनवाळू अशी एक परंपरा ठाऊक होती, हे येथे नमूद केले पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी काढलेले बालहत्याप्रतिबंधक गृह आणि १८७५ साली पंढरपुरात निघालेले तशाच हेतूचे गृह, ही दोन्ही ठिकाणे मुलाला संकटात लोटणारा अपराधी रस्त्यावर न शोधता घराच्या आणि रूढीच्या आत शोधीत होती. सरकारी संस्थेला ती दृष्टी यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

पेण व रोहे हे तालुके त्या काळी कुलाबा जिल्ह्यात मोडत. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. मुंबईहून पेणला यावयाचे तर धरमतरच्या बंदरात उतरावे, रोह्यास जावयाचे तर रेवदंड्याच्या खाडीने कुंडलिकेत शिरावे, अशी वहिवाट होती, आणि मुलांचा कायदाही इलाख्यात क्षेत्राक्षेत्राने, अधिसूचनेमागून अधिसूचना काढीत लागू होत गेला असल्यामुळे, उमरखाडीचा न्याय खाडी ओलांडून मामलेदार कचेरीच्या दारी येण्यापूर्वी एक पिढी वाढून गेली असल्यास नवल नाही. तोवर गावात मुलाचा कैवारी म्हणजे पोलीस पाटील, आणि त्याने तरी कोणत्या बापाची कागाळी फौजदाराकडे न्यावयाची? लेकरू ज्याचे त्याचे, ही समजूत सात–बाराच्या उताऱ्याइतकीच पक्की होती.

स्वराज्यानंतर १९४८ चा मुंबई मुलांचा कायदा आला आणि त्याबरोबर परिवीक्षा अधिकारी नावाचा एक नवा कामगार जिल्ह्यांत फिरू लागला. मुलाच्या घरी जाणे, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करणे, शाळेचा दाखला पाहणे आणि मुलाला घरी ठेवावे, ‘योग्य व्यक्ती’च्या सुपूर्द करावे की प्रमाणित शाळेत धाडावे याविषयी न्यायाधीशापुढे अहवाल ठेवणे, एवढे त्याचे काम, त्याचा अहवाल हाच या संस्थेच्या इतिहासातील पहिला असा कागद, ज्यात मुलाने काय केले याच्या जोडीला मुलावर काय गुजरले हेही लिहावे लागे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने मुलांचे दोन वर्ग पाडले. अपराध केलेली मुले बाल न्यायालयापुढे गेली, आणि ‘उपेक्षित’ मुले बालकल्याण मंडळापुढे. विभागणी चांगली होती, पण उपेक्षिताची व्याख्या मात्र भीक मागणारा, घरदार नसलेला, उपजीविकेचे साधन नसलेला अशा लक्षणांनी केलेली असल्याने, सुखवस्तू घरातील माजघरात रोज मार खाणारे पोर तीत बसत नसे आणि वीटभट्टीवरच्या कातकऱ्याचे पोर, त्याच्या आईबापांनी त्याला जिवापाड जपले असले तरी, अलगद बसे. हा दोष २००० च्या व त्याहूनही २०१५ च्या कायद्याने पुष्कळ दूर केला. मंडळाच्या जागी अध्यक्ष व चार सदस्यांची बालकल्याण समिती आली, तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार मिळाले, आणि ताब्यातील मुलावर क्रौर्य करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तो संस्थेचा नोकर असल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली.

कायदा पालटला तो केवळ आपल्याकडील विचाराने नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १८७४ साली मेरी एलन नावाच्या एका मुलीला पालनकर्तीच्या मारातून सोडविण्यात आले आणि त्यातून जगातील पहिली बालक्रौर्यप्रतिबंधक संस्था जन्मास आली, ही कथा प्रसिद्ध आहे. तथापि खरा पालट घडविला तो क्ष-किरणांनी. १९४६ साली जॉन कॅफी या बालरोग-किरणतज्ज्ञाने काही तान्ह्या मुलांच्या हाडांत, आईबापांनी कधीच न सांगितलेले, वेगवेगळ्या वयाचे अस्थिभंग पाहिले, आणि १९६२ मध्ये डॉ. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मार खाल्लेल्या मुलाचा’ लक्षणसमूह म्हणून ते वैद्यकापुढे मांडले. डॉक्टर ही तोवर आईबापांच्या कथनावर विश्वास ठेवणारी जात होती. मुलाचे हाड आणि बापाची जबानी यांत विसंगती असू शकते हे तिला प्रथमच कबूल करावे लागले. आपल्याकडे असे कबूल करावयास आणखी काळ गेला. १९८९ च्या बालहक्क संहितेत भारत १९९२ साली सामील झाला आणि २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील, त्यांत महाराष्ट्रही आला, बारा हजारांहून अधिक मुलांना प्रत्यक्ष विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध केली; तीत प्रत्येक तिघांतील दोघांनी मार खाल्ल्याचे आणि निम्म्याहून अधिकांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक त्रासाला तोंड दिल्याचे सांगितले. निम्मे अपराधी मुलाच्या परिचयाचे व विश्वासाचे होते. ज्यांनी आकडे वाचले त्यांना धक्का बसला. ज्या शिक्षिकांनी व सेविकांनी मुले हाताळली होती त्यांना बसला नसावा.

येथे संस्थेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे आणि स्मरणिकांत सर्वांत कमी जागा मिळणारे पात्र प्रवेश करते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला आणि ताराबाई मोडकांनी बोर्डी–कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कल्पिलेली अंगणवाडी देशभर पसरली. बालविकासाच्या या योजनेत अत्याचार ओळखण्याचे काम मुळात लिहिलेले नव्हते. ते अंगणवाडी सेविकेकडे आपोआप गेले, कारण महिन्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाला उचलून हाती घेणारी तिच्याखेरीज दुसरी सरकारी व्यक्ती अस्तित्वात नाही. पेण तालुक्यातील कुठल्याही वाडीवर वजनाचा दिवस पाहावा. तुळईला किंवा आंब्याच्या फांदीला टांगता काटा अडकविलेला असतो, त्याच्या झोळीत एकामागून एक पोर घातले जाते, कोणी हसते, बहुतेक रडतात. सेविका एका हाताने झोळी स्थिर करते, दुसऱ्याने दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळते आणि दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की तीव्र कुपोषित म्हणून नोंद करते. झोळीत घालण्यापूर्वी मुलाचे झबले काढावे लागते. कायद्याच्या साऱ्या डोलाऱ्याला मुलाची उघडी पाठ दिसते ती एवढ्याच एका क्षणी.

त्या पाठीवर काय पाहावे, हे शिकविणे हा बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे, आणि पुस्तकी यादी तिथे पुरत नाही. धावत्या पोराच्या नडग्या, गुडघे, कोपर, कपाळ यांवर खरचटणे व निळे वण असावयाचेच, ते नसतील तर पोर खेळत नाही म्हणून काळजी करावी. परंतु कानाच्या पाळीमागे, मानेवर, पोटावर, कुल्ल्यांवर वण असले, किंवा अद्याप रांगूही न लागलेल्या तान्ह्याच्या अंगावर कोठेही असले, तर थांबून विचारावे. गरम पाणी सांडले तर भाजल्याची कड वेडीवाकडी असते. पाय पाण्यात धरून ठेवले असतील तर ती मोजा घातल्यासारखी सरळ असते. एकाच जखमेची आईने एक हकीकत सांगावी, आजीने दुसरी, आणि दवाखान्यात आणावयास तीन दिवस का लागले याचे उत्तर कोणाकडेच नसावे, ही लक्षणे वणाहूनही बोलकी. उलट बाजूने, आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतात, त्यांना माराचा वण समजून आईला चौकीवर नेणारा अतिउत्साही कार्यकर्ता संस्थेची अब्रू एका दिवसात घालवितो. बिब्बा लावल्याने उठलेला फोड आणि विडीचा चटका यांतील फरक शहरातून आलेल्या डॉक्टरलाही चटकन कळत नाही. वाडीवरच्या सेविकेला कळतो. पोटदुखीवर तापल्या लोखंडाने डागण्याची चाल आपल्या डोंगरपट्ट्यांतून पुरती गेलेली नाही. मूल जगावे म्हणून डागणाऱ्या आजीला कायदा इजा करणारी म्हणतो आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्याने म्हणावेही. मात्र तिच्याशी बोलण्याची भाषा आणि दारूच्या तारेत चटके देणाऱ्याशी बोलण्याची भाषा एक असू नये.

याहून कठीण प्रश्न उपेक्षेचा. पावसाळा सरला, दसरा–दिवाळी झाली की पेण–रोह्याच्या वाड्यांवरून कातकऱ्यांची बिऱ्हाडे मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या फेडीसाठी वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. त्या सात–आठ महिन्यांत सहा वर्षांची बहीण कडेवर वर्षाचा भाऊ घेऊन विटांच्या थरांशी बसलेली असते, शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत असतात, आणि कोणताही काटेकोर निरीक्षक तिला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरवू शकतो. ठरविले तर काय करावयाचे? आईबापांपासून तोडून तिला बालगृहात नेणे म्हणजे मुकादमाच्या उचलीची शिक्षा मुलीला देणे होय. या भागात अंकुर ट्रस्टच्या वैशाली पाटील आणि श्रमिक क्रांती संघटनेच्या सुरेखा दळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आदिवासींच्या हक्कांचे जे प्रश्न लावून धरले, त्यांचा बालसंरक्षणाशी काय संबंध, असे विचारणारे अधिकारी भेटतात. त्यांनी सप्टेंबर २०२२ मधील नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याची घटना आठवावी. तेथील कातकरी कुटुंबांनी मेंढपाळांकडे कामाला दिलेल्या मुलांपैकी दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली, तेव्हा एका मुलाचे मोल एखादी मेंढी आणि काही शे रुपये एवढे ठरलेले होते, असे उघड झाले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याची आणि १९८६ च्या बालकामगार कायद्याची कलमे त्या सौद्याला अडवू शकली नाहीत. पोटच्या पोराला मेंढीच्या बदल्यात देणारा बाप निर्दय असेलही. त्याच्या दारी तो सौदा घेऊन माणूस येऊ शकतो ही स्थिती मात्र त्याने निर्माण केलेली नाही.

मुलांना भट्टीपासून वाचविण्याचा सरकारी मार्ग म्हणजे आश्रमशाळा. जिल्ह्यातील आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय पेणला आहे, आणि पेण तालुक्यातील वरवणे, रोहे तालुक्यातील सानेगाव येथे शासकीय आश्रमशाळा आहेत. मूल आईबापांपासून दूर निजते तेथे संरक्षणाची जबाबदारी दुप्पट होते, हे महाराष्ट्राला फार मोल देऊन समजले. राज्यभरातील आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा विचार करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली व तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. निवासी संस्थांविषयीचा सर्वांत दारुण धडा तर आपल्या जिल्ह्यातच मिळाला. ठाणे जिल्ह्यातील एका मतिमंद मुलांच्या गृहातील उपासमारीच्या वृत्तांवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमून राज्यातील अशा गृहांची पाहणी करविली. त्या ओघात पनवेलजवळच्या एका गृहातील मतिमंद व मूकबधिर मुलींवर चाललेले अत्याचार बाहेर आले, आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह सहा जणांना दोषी ठरविले. शोध लागला तो दुसऱ्याच जिल्ह्यातील दुसऱ्याच गृहाच्या निमित्ताने, आणि लागला तो मुलींना खुणांच्या भाषेत विचारणारी माणसे आत गेली तेव्हा. वार्षिक तपासणीच्या नमुन्यातले रकाने भरून मुलींचे मौन फुटत नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आता खेड्यातही पोक्सो म्हणतात, अंमलात आला. या कायद्याने संस्थेचे तोंडच फिरविले. पूर्वी मूल कचेरीत हजर होई, आता कचेरीने मुलाकडे जावे अशी अपेक्षा धरली गेली: जबाब मुलाच्या घरी वा त्याला सोईच्या जागी घ्यावा, शक्यतो फौजदाराच्या दर्जाहून कमी नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, अंगावर गणवेश नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावी, चोवीस तासांत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवावे. मूल दुसरी भाषा बोलत असेल तर दुभाषी द्यावा, हे कलम कातकरी मुलांसाठी मोलाचे आहे. कातकरी बोलीतील वाक्य ठाणे अंमलदाराच्या मराठीत उतरताना त्यातील कर्ता कसा गळून पडतो, हे जबाब वाचणाऱ्या वकिलांना विचारावे. याच कारणाने सेविकेला व शिक्षकाला सांगितले जाते की मूल बोलू लागले तर ऐकावे, फार विचारू नये, ‘अमक्याने केले का?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न तर मुळीच करू नयेत, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे, त्याच दिवशी टिपून ठेवावेत.

२०२० च्या जुलैत रोहे तालुक्यात एका शाळकरी मुलीची आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पेणला तीन वर्षांच्या एका आदिवासी बालिकेची अत्याचार करून हत्या झाली. दोन्ही वेळी मोर्चे निघाले, मंत्री आले, जलदगती न्यायालयाच्या मागण्या झाल्या. या लेखात त्यांची नावे वा वस्त्या येणार नाहीत. मरण पावलेल्या मुलीचीही ओळख प्रकट करू नये असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले असताना, दोन्ही तालुक्यांत नाक्यानाक्यावर छायाचित्रांसह श्रद्धांजलीचे फलक लागले असतील तर ते श्रद्धेने लागले, पण लावू नयेत. पेणच्या प्रकरणातील आरोपी आधीच्या एका गुन्ह्यात जामिनावर सुटलेला होता, ही गोष्ट संस्थेच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदली पाहिजे: अपराधी ओळखून झालेला होता, त्याच्या सुटकेची खबर त्याच्या शेजारच्या पोरांपर्यंत नेणारी वाट मात्र कोणत्याही कायद्याने आखलेली नव्हती.

पोक्सोतील सर्वांत धारदार कलम एकोणिसावे. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांस दिलीच पाहिजे, न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाने न दिल्यास वर्षापर्यंत कैद. शाळेची बदनामी होईल म्हणून मुख्याध्यापकाने पालकांची समजूत काढून प्रकरण मिटविण्याची जी जुनी खानदानी रीत होती तिला या कलमाने चाप लावला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत लहान मुलींवरील अत्याचाराबाबत जे घडले त्यावरून तो चाप किती ढिला आहे हेही दिसले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी राज्यातील शाळांना २०२२ साली सखी सावित्री समित्या नेमावयास सांगितले होते. बदलापूरनंतर उच्च न्यायालयाने सेवानिवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. पण याच कलमाची दुसरी धार पेण व रोहे येथील उपजिल्हा रुग्णालयांत दिसते. अठरा वर्षे पूर्ण न झालेली विवाहित कातकरी मुलगी बाळंतपणासाठी आली की डॉक्टरला ठाण्यात कळविणे भाग पडते, नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो, आणि ही वार्ता एकदा वाडीवर पोचली की पुढची मुलगी रुग्णालयात येत नाही. बालविवाह हा बालकावरील अन्यायच आहे, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात किंतु नाही. तथापि ज्या कलमाने मुलगी वाचावी त्याच कलमाच्या धास्तीने ती झोपडीत बाळंत होत असेल तर कलमाची नव्हे, अंमलबजावणीच्या क्रमाची फेरतपासणी झाली पाहिजे. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे; त्याचे काम लग्नाआधीचे आहे. ते चुकले म्हणून सारा भार प्रसूतिकक्षावर येतो.

अंतराचा प्रश्न राहिलाच. मूल ताब्यात आल्यापासून चोवीस तासांत समितीपुढे हजर करावे, प्रवासाचा वेळ वगळून, असे कायदा म्हणतो. रोह्याच्या फलाटावर रात्री सापडलेल्या पोराला कर्जतच्या बालगृहापर्यंत नेणाऱ्या शिपायाला ‘प्रवासाचा वेळ वगळून’ या शब्दांचा अर्थ विधिज्ञांहून नीट कळतो. रोहे हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान. १९९८ मध्ये मार्ग पुरा झाल्यापासून घर सोडून निघालेली दक्षिणेची व उत्तरेची मुले येथे उतरू लागली. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जन्मलेल्या १०९८ या मदतीच्या दूरध्वनी क्रमांकाने अशा मुलांसाठी फार मोठे काम केले. २०२३ पासून ती सेवा स्वयंसेवी संस्थांकडून काढून शासनाकडे घेण्यात आली व ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. बदल योग्य की अयोग्य हे आताच सांगू नये. परंतु ११२ वर पोलीस येतात हे मुलाला ठाऊक आहे, आणि घरातील मार चुकवून पळालेल्या मुलाला पोलिसांचेच भय सर्वाधिक असते, एवढे संबंधितांनी विसरू नये.

संस्थेची सर्वांत धाकटी शाखा म्हणजे ग्राम बालसंरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती, आणि गावातील एक मुलगा व एक मुलगी. कागदावर यापेक्षा चांगली रचना सुचविता येणार नाही. व्यवहारात आरोपी सरपंचाच्या भावकीतला निघाला की सदस्य सचिवाने सभा बोलवावयाची कशी, हा प्रश्न उभा राहतो, आणि मानधनावर काम करणाऱ्या बाईच्या धैर्यावर शासन किती काळ विसंबून राहणार, हा दुसरा. यास्तव तिने समितीची वाट न पाहता जिल्हा बाल संरक्षण कक्षाला परस्पर कळवावे, कळविणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, अशी मुभा तिला आहे हे प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगितले पाहिजे; ते पुष्कळदा शेवटच्या तासाला, बसची वेळ झाली असता सांगितले जाते.

भट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण खात्याचे हमी पत्रक आहे, महिला व बालविकास विभागाची स्थलांतर मागोवा प्रणाली आहे. त्यांवर मुलाची इयत्ता, लसी, वजन येते. सेविकेला त्या मुलाविषयी जी शंका आली होती ती येत नाही, आणि येऊही नये, कारण ते पत्रक वाटेत मुकादमाच्या हाती पडते. तेव्हा पेण व रोहे येथील बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी, ज्या मुलांकडे लक्ष ठेवणे अवश्य आहे त्यांची मोहोरबंद यादी ती मुले ज्या तालुक्यात जाणार तेथील अधिकाऱ्याकडे स्वतः द्यावी व परतीच्या वेळी तशीच मागून घ्यावी, असा प्रस्ताव या लेखाच्या निमित्ताने नोंदवून ठेवीत आहे. दसरा उलटताच मुकादमाच्या गाड्या वाड्यांवर लागतात. यादी भाद्रपदातच तयार असली पाहिजे.